सातारा–कास–बामणोली–तापोळा–महाबळेश्वर सायकल फेरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कासच्या सड्यावरून, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावरून, जाणाऱ्या या फेरीबद्दल दर पावसाळा संपता संपता तेच प्रश्न येऊ लागतात. प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर लिहून हात दुखले, म्हणून एकदाच सगळं इथे मांडतो. प्रश्न लोकांच्याच शब्दांत आहेत. उत्तरं माझ्या अनुभवाची, म्हणजे साताऱ्याहून निघणाऱ्या, मध्यमवयीन आणि चढावर हळू चालवणाऱ्या माणसाची आहेत. तुमची दमसास जास्त असेल तर वेळा त्या हिशेबाने कमी करून घ्या.

१. फेरी नेमकी कुठून कुठे जाते? एकूण किती किलोमीटर?

साताऱ्यातून पश्चिमेला यवतेश्वरचा घाट चढायचा, डोंगराच्या माथ्यावरून कास गाठायचं आणि तिथून उतरून बामणोलीला शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठावर यायचं. हे झाले साधारण ३८ किलोमीटर. बामणोलीहून लाँचने तापोळा. तापोळ्याहून महाबळेश्वरपर्यंत सुमारे २८ किलोमीटरचा चढ. मग केळघर घाटाने खाली मेढा आणि तिथून सातारा, हे आणखी ५५ किलोमीटर. चाकांवर मिळून १२० च्या आसपास होतात, लाँच वेगळी.

नकाशावर पाहिलंत तर लक्षात येईल की ही कास ते महाबळेश्वर पसरलेल्या डोंगररांगेला घातलेली प्रदक्षिणा आहे. जाताना माथ्यावरून जायचं, पलीकडे कोयनेच्या पाण्यात उतरायचं आणि परतताना वेण्णा नदीच्या खोऱ्यातून यायचं.

२. १२० किलोमीटरच ना? मी महामार्गावर पाच-सहा तासांत करतो. यात अवघड काय?

अवघड आहे ती उंचीची उतरंड. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर, कास १२०० मीटरवर. शिवसागर पूर्ण भरला की त्याची पातळी २१६३ फूट, म्हणजे ६५९ मीटर असते. महाबळेश्वर १३५० च्या वर. म्हणजे सकाळी कमावलेली सगळी उंची बामणोलीला उतरताना पाण्यात घालवायची, आणि मग दुपारी, पोटात जेवण आणि डोक्यावर ऊन असताना, ७०० मीटर पुन्हा चढायचे. नुसत्या दोन मोठ्या चढांचे १२०० मीटर झाले. मधले चढउतार त्यात धरलेले नाहीत, आणि कासच्या रस्त्यावर ते भरपूर आहेत.

तुलनाच हवी तर २०० किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल सफरीला, साडेतेरा तास मिळतात. या १२० ला, लाँच धरून, मला तेराच लागतात.

३. सडा म्हणजे माळरानच ना? वेगळं काय त्यात?

माळ म्हटलं की देशावरचं, बाभळी-बोरी-गवताचं रान डोळ्यांसमोर येतं. सडा हा डोंगराच्या डोक्यावरचा सपाट कातळ. खालचा काळा बेसाल्ट लाखो वर्षं पावसात झिजून वर जांभ्याचं कवच झालं, आणि त्या कवचावर माती कुठे वीतभर, कुठे नुसती बोटभर. पावसाळ्यात तिथे पाणी साचून राहतं आणि उन्हाळ्यात तोच दगड तव्यासारखा तापतो. अशा जागी झाडाला मूळ धरता येत नाही. म्हणून सड्यावर जे येतं ते बुटकं, घाईचं आणि हट्टी. गेंद, तेरडा, सीतेची आसवं, सोनकी, किडे धरणारा दवबिंदू, सात वर्षांनी एकदा सगळा उतार निळा-जांभळा करून टाकणारी टोपली कारवी. कासवर फुलझाडांच्या ८५० च्या आसपास जाती नोंदल्या आहेत. वायतुऱ्याची एक जात तर नावानेच साताऱ्याची आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारशात घेतल्या, त्यांत कास आहे.

इंग्लंडात राहणाऱ्या एका मराठी मित्राने विचारलं होतं, की हे आमच्याकडच्या हेदरच्या माळांसारखंच का? दिसायला थोडं तसं. दोन्हीकडे निकस जमीन, वारा आणि जांभळा रंग. पण युरोपातले ते माळ बहुतेक माणसाने जंगल तोडून, गुरं चारून, अधूनमधून जाळून राखलेले आहेत. माणूस हटला की तिथे झाडं परत येतात. सड्यावर झाडं रोखून धरली आहेत ती मुख्यतः खालच्या दगडाने.

सायकलवाल्याला यातून एवढंच कळायला हवं की सड्यावर सावली नाही आणि वाऱ्याला आडोसा नाही. कासच्या अलीकडचा शेवटचा टप्पा चढ म्हणून फार मोठा नाही, पण समोरून वारा असला की दम काढतो.

४. कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, डोळे झाकून. डिसेंबरात सूर्य साताच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या थोडं नंतर मावळतो, त्यामुळे पहाटे अंधारात निघावं लागतं. पुढचा दिवा नीट हवा.

सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलं आणि पाणी दोन्ही पाहायला मिळतात, पण गर्दीही तेवढीच (पुढचा प्रश्न पाहा). जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि त्यातला बराचसा याच दोन महिन्यांत. कासवर धुकं इतकं दाट उतरतं की समोरच्या गाडीला तुम्ही दिसत नाही, केळघर घाटात दरडी येतात, आणि लाँच चालेल की नाही ते हवेवर. एप्रिल-मेमध्ये तापोळ्याचा चढ भट्टी असतो. शिवाय धरणातलं पाणी खाली गेलेलं असतं. सायकल खांद्यावर घेऊन चिखलातून लाँचपर्यंत चालत जाण्याचा प्रसंग माझ्यावर मेच्या दुसऱ्या आठवड्यात आला आहे. बुटांचे पेडलला अडकणारे क्लीट त्या दिवसापासून कधी नीट बसले नाहीत.

५. फुलांच्या हंगामात कासला आधी नोंदणी करावी लागते म्हणे. सायकलवाल्यांनाही?

फुलांच्या राखीव भागात शिरायचं तर हंगामात प्रवेशशुल्क भरावं लागतं, आणि रोजच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा असल्यामुळे ऑनलाइन नोंदणी करूनच जावं. तिथे सायकलवाला आणि गाडीवाला असा भेद नाही. नुसतं रस्त्याने पुढे बामणोलीला जाणं ही वेगळी गोष्ट. मात्र हंगामात शनिवार-रविवारी वाहतूक वळवलेली असू शकते. बंदोबस्तावरचा माणूस सांगेल तसं करा, वाद घालू नका.

माझा सल्ला: फेरीच्या दिवशी फुलं बघायला थांबूच नका. फुलं बघायची तर गुडघे टेकून, तास-दोन तास देऊन बघायची असतात, आणि या फेरीत तेवढा वेळ कुणाकडे नाही. त्यासाठी वेगळा दिवस काढा, आठवड्याच्या मधला.

६. सायकलला धूर नाही, आवाज नाही. मग सड्यावर घातली तर काय बिघडलं?

बिघडतं. मातीचा थर किती पातळ असतो ते वर (प्रश्न ३) सांगितलंय. ओल्या सड्यावरून एक एमटीबी (जाड टायरची माउंटन बाइक) गेली की चाकाची चाकोरी पडते, पुढच्या पावसात तिच्यातून पाणी वाहतं आणि माती धुऊन जाते. ती परत जमायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. सायकल डांबरावर ठेवा. फोटोसाठी ती फुलांत आडवी टाकणाऱ्यांना मी रस्त्यातच दोन शब्द ऐकवतो, आणि त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही.

७. कुठली सायकल लागेल? माझ्याकडे साधी हायब्रिड आहे.

हायब्रिड उत्तम. या रस्त्याला फिटनेसच्या खालोखाल गिअर महत्त्वाचे. रोड बाइक असेल तर पुढे ३४ दातांची लहान चकती आणि मागे निदान ३२ ची मोठी हवी. पुढे ३९ आणि मागे २५ घेऊन आलेले पैलवान मी तापोळ्याच्या वर ढकलत चालताना पाहिले आहेत. टायर २८ मिलिमीटरचे किंवा त्याहून रुंद घ्या, कारण बामणोलीच्या उतारावर आणि तापोळ्याच्या बाजूला डांबर दर पावसानंतर आपला विचार बदलतं. दोन ट्यूब, पंप, पंक्चरचं सामान, चेन जोडायचं हत्यार आणि एक सुटी कडी बरोबर हवीच. कास सोडल्यापासून महाबळेश्वरपर्यंत गिअरच्या सायकलचं काम करणारं दुकान नाही असं धरूनच चाला.

८. लाँचमध्ये सायकल घेतात का? पैसे किती?

घेतात. बामणोलीच्या बोट क्लबवर जाऊन तापोळ्याला एकेरी जायचं आहे, सायकली एवढ्या आहेत, असं स्पष्ट सांगायचं. भाडं डोक्यामागे नसून अख्ख्या बोटीचं असतं. म्हणून एकट्यादुकट्याला ते टोचतं आणि सहा-सात जणांच्या गटाला काहीच वाटत नाही. दर बदलतात, तिथला फलक पाहा आणि सायकलींसकट किती ते चढण्याआधी ठरवून घ्या.

सायकल ठेवताना चेनची बाजू वर करून आडवी ठेवा, दोन सायकलींमध्ये जाकीट किंवा पोतं घाला, आणि पुढचं चाक दोरीने बांधा. बॅग सायकलवर ठेवू नका, स्वतःजवळ ठेवा. लाइफ जाकीट घाला, तो लाँचवाल्याचा हट्ट नाही, नियम आहे. पाण्यावर साधारण तासभर धरा. वारा असला तर जास्त.

हा तास वाया गेला असं समजणारे लोक मला कळत नाहीत. कोयनानगरच्या धरणाने अडवलेलं पाणी इथवर मागे पसरलेलं आहे. १०५ टीएमसीचा हा साठा. त्याच्याखाली गावं आहेत, भातखाचरं आहेत. पाणी उतरलं की जुने बांध उघडे पडतात. लाँच चालवणाऱ्याला विचारलंत तर तो बोटाने दाखवतो, आमचं घर त्या तिकडे होतं म्हणून. पाय मोकळे करा, ओआरएस प्या आणि ऐका.

९. लाँच मिळालीच नाही तर?

शक्यता खरी आहे, विशेषतः पावसाळ्यात किंवा उशिरा पोचलात तर. बामणोलीला सकाळी साडेनऊ-दहापर्यंत पोचा. संध्याकाळची बोट तर गृहीतच धरू नका. लाँच नसेल तर आल्या वाटेने कास चढून परत सातारा. तीही ७५ किलोमीटरची चांगली कठीण सफर होते आणि त्यात कमीपणा काही नाही. आधल्या दिवशी बोट क्लबला फोन करून विचारलंत तर ही वेळ येत नाही.

१०. उलट्या दिशेने, म्हणजे आधी महाबळेश्वर, केली तर सोपी पडेल ना?

कागदावर सोपी दिसते. मेढ्यापर्यंत पाय गरम होतात, केळघर घाट थंड वेळेत चढून होतो, तापोळ्यापर्यंत उतारच उतार. पण मग बामणोलीला तुम्ही दुपारनंतर पोचता आणि कासची चढण दिवसाच्या शेवटी येते. वर सड्यावर पोचेपर्यंत अंधार, आणि यवतेश्वरचा उतार दिव्याच्या उजेडात, परतणाऱ्या गाड्यांच्या गर्दीत. एक लाँच चुकली की सगळंच कोलमडतं. मुक्काम बामणोलीला असेल तर मात्र उलटी दिशा मस्त. दुसऱ्या दिवशी पहाटे बामणोलीहून कासपर्यंतची चढण, धुक्यातून, हा माझ्या मते सगळ्या फेरीतला सर्वांत देखणा तुकडा आहे.

११. यवतेश्वरचा घाट किती कठीण? तिथेच दमलो तर पुढे काय?

पहिले सहा-सात किलोमीटर सलग चढ आहे. सातारा हिल मॅरेथॉनचे लोक याच घाटाने पळत वर जातात, त्यामुळे पहाटे तुम्हाला सोबत म्हणून धावणारे भेटतील आणि काही वेळा पुढेही निघून जातील. लाज वाटून घेऊ नका. या घाटात मुद्दाम हळू जायचं असतं, बोलता येईल इतपतच श्वास लागू द्यायचा. इथे दाखवलेली मर्दुमकी दुपारी तापोळ्याला व्याजासकट वसूल होते.

वर आलात की उजवीकडे खाली कण्हेर धरणाचं पाणी, डावीकडे उरमोडीचं पाणी आणि सज्जनगड. तिथे पाच मिनिटं थांबायला हरकत नाही.

१२. आणि तापोळ्याचा चढ? सरासरी तर अडीच टक्के दिसतोय.

सरासरीवर जाऊ नका. २८ किलोमीटरमध्ये ७०० मीटर म्हणजे अडीच टक्के हे गणित बरोबर, पण त्यात सपाटीचे आणि उताराचे तुकडे मिसळलेले आहेत. ते काढले की उरलेला चढ चांगलाच खडा आहे. रस्ता एका वळणाला उतरवतो आणि पुढच्या दोन वळणांना दुप्पट घेतो.

जे लोक फेरी सोडतात ते बहुतेक इथेच सोडतात. कारणही ठरलेलं: तापोळ्याला भरपेट मासे-भाकरी. तिथे अर्धंच जेवा, बाकीचं केळं, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू खिशात घ्या आणि दर पाऊण तासाने तोंडात टाका. दोन बाटल्या भरून निघा. दुपारी दोननंतर झाडी दाटत जाते तशी सावली मिळते आणि वर पोचेपर्यंत हवा इतकी गार होते की घामेजल्या अंगाला थंडी वाजते.

१३. खाण्यापिण्याची सोय कुठे कुठे?

यवतेश्वर परिसरात हॉटेलं आहेत, पण पहाटे बंद. कास तलावाच्या बाजूला टपऱ्यांवर चहा-पोहे, मक्याचं कणीस मिळतं. बामणोलीला आणि तापोळ्याला जेवण. महाबळेश्वरला सगळं, दरही तसेच. मेढ्याला चहा घ्याच, कारण तिथून पुढे शेवटच्या २५ किलोमीटरला तो कामी येतो. सुटे पैसे ठेवा. बामणोली-तापोळा भागात मोबाइलला रेंज असेलच असं नाही, आणि रेंज नाही तर फोनवरचे पैसेही नाहीत.

१४. केळघर घाट उतरताना काय सांभाळायचं?

ब्रेक. रिम ब्रेक असतील तर सतत धरून ठेवू नका. रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात, वळणात मोकळे. पाय दमलेले असतात त्यापेक्षा हात आणि डोकं जास्त दमलेलं असतं, त्यामुळे उताराआधी महाबळेश्वरला पंधरा मिनिटं बसा. विंडचीटर घाला. माझा मागच्या चाकाचा एक स्पोक याच घाटात तुटला होता, न दिसलेल्या खड्ड्यामुळे. मेढ्यापर्यंत चाक ब्रेकला घासत आलो. संध्याकाळच्या सावलीत खड्डे दिसत नाहीत. वेग उजेडाच्या हिशेबाने ठेवा.

मेढ्यापासून रस्ता वेण्णेच्या खोऱ्यातून, कण्हेरच्या पाण्याच्या जवळून जातो. जावळीचा हा मुलूख. १६५६ साली महाराजांनी मोऱ्यांकडून जावळी घेतली, ती इतकी का अवघड मानली जात होती हे पायांना एव्हाना कळलेलं असतं.

१५. गवे, अस्वलं, बिबटे आहेत का? भीती किती?

आहेत. शिवसागराच्या पलीकडे कोयना अभयारण्य, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. गवा दिसण्याची शक्यता सर्वांत जास्त, पहाटे कासच्या आसपास आणि संध्याकाळी महाबळेश्वरच्या बाजूला. दिसला तर लांबच थांबा, घंटी वाजवू नका, दिव्याचा झोत डोळ्यांवर मारू नका. तो जाईपर्यंत वाट पाहा. एकटा गवा कळपापेक्षा जास्त लहरी. अस्वलाचा धोका झाडीत शिरणाऱ्याला जास्त, म्हणून लघवीलाही रस्त्यापासून आत जाऊ नका.

खरं सांगायचं तर मला सर्वांत जास्त त्रास दिलाय तो गावच्या कुत्र्यांनी. उतरून सायकल मध्ये धरून चालायला लागलं की बहुतेकांचा उत्साह संपतो.

१६. मी एकटी जाऊ शकते का?

रस्ता माणसांचा आहे, गावं साधी आहेत, आणि एकट्याने फेरी केलेल्या बाया माझ्या माहितीत आहेत. तरी पहिल्यांदा करताना निदान एक जण सोबत असावं, हे मी पुरुषांनाही सांगतो. कारण रेंज (प्रश्न १३), बोटीचं भाडं (प्रश्न ८) आणि बिघाड. घरी वेळापत्रक लिहून ठेवा: कासला किती वाजता, बामणोलीहून कधी निघणार, महाबळेश्वरला पोचल्यावर फोन करणार.

१७. ई-सायकल चालेल का?

चालेल, पण एका चार्जवर १२० किलोमीटर आणि हे दोन घाट काढणारी बॅटरी क्वचित. तापोळ्याला जेवताना चार्जिंग लावता येतं, हॉटेलवाल्याला विचारून आणि विजेचे पैसे देऊन. बंद पडलेली ई-सायकल वीसेक किलोची असते आणि ती महाबळेश्वरपर्यंत ढकलायची असते, इतकं लक्षात ठेवा.

१८. दोन दिवसांत करायची तर मुक्काम कुठे?

बामणोली किंवा तापोळा, दोन्हीकडे राहायची सोय आहे. मी तापोळा निवडेन, कारण मग मोठा चढ सकाळच्या ताज्या पायांवर येतो. पन्नाशीपुढच्यांना आणि पहिल्यांदा घाट करणाऱ्यांना मी दोन दिवसच सुचवतो.

१९. मुक्काम आहेच तर वासोटा किल्लाही जोडून घेऊ का?

एका दिवशी दोन्ही नको. वासोट्याला वनखात्याची परवानगी लागते, पलीकडे जायला लाँच, मग चढाई, आणि ठरलेल्या वेळेत परत. पूर्ण दिवस जातो. तीन दिवस असतील तर मधला दिवस वासोट्याला द्या.

२०. कासहून जुना राजमार्ग माथ्यावरूनच महाबळेश्वरकडे जातो. त्याने गेलो तर लाँचही वाचेल आणि उतारचढही. का नाही?

हा प्रश्न नकाशा नीट वाचणाऱ्यांकडून येतो, म्हणून शेवटी ठेवला. राजमार्ग आहे, रांगेच्या माथ्यावरून जातो, आणि कागदावर तो या फेरीचा व्यासच आहे. पण कासच्या बाजूचा त्याचा तुकडा कुमुदिनी तलावाकडे जातो, आणि तो चालत जायचा आहे. आजूबाजूला तोच सडा, ज्याबद्दल प्रश्न ६ मध्ये लिहिलंय. पुढची वाट जंगलातून जाते. वनखात्याला विचारल्याशिवाय सायकल घालू नका, आणि नाही म्हणाले तर नाही. मी तो कुमुदिनीपर्यंत पायी केला आहे, सायकल कासला एका टपरीवाल्या मावशींकडे ठेवून. त्यांनी परत आल्यावर चहाचे पैसे घेतले, सायकल राखल्याचे नाही.